सुपडूचा खटला आणि मयुरीच्या लग्नाचे पापड

सावद्याच्या अलीकडे केळीच्या बागांत दडलेलं एक गाव आहे. तिथल्या रतिलालभाऊंच्या घरात एकजण बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे असं कळलं, की पाहुणे मयुरीकडे बघतात आणि तिथंच फसतात. मयुरी केव्हाच पदवीधर होऊन जळगावला एका पाइपांच्या कंपनीत नोकरीला लागली. शेवटच्या वर्षाला आहेत त्या तिच्या आई, बेबाबाई. वय पन्नाशीपुढचं, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र अजून पंचविशीतली.

बेबाबाईंची शाळा सातवीत सुटली होती. मयुरी कॉलेजात असताना मायलेकींची एकदा चांगलीच जुंपली. "येवढं शिकून काय दिवे लावू राह्यली?" असं बेबाबाई म्हणाल्या आणि "मग तूच लावून दाखव" म्हणत मयुरीने रागाच्या भरात मुक्त विद्यापीठात आईचं नाव घातलं. भांडणात हार मानणं बेबाबाईंच्या रक्तात नाही. पूर्वतयारीची परीक्षा झाली, पहिलं वर्ष झालं, दुसरं झालं. रतिलालभाऊंना वाटलं होतं, हे खूळ केळी कापणीला येईपर्यंत उतरेल. ते काही उतरलं नाही. आता दर रविवारी बायको दशम्या बांधून जळगावला वर्गाला जाते आणि ते कालचं वरण गरम करून जेवतात. तक्रार करत नाहीत, कारण तक्रार केली की बेबाबाई समाजशास्त्र काढतात.

वर्गात एक हवालदार, दोन अंगणवाडीताई, डाळमिलमधला एक मुकादम आणि काही तरुण मंडळी होती. बेबाबाई पहिल्या बाकावर. शिकवायला कुंदन सर, धुळ्याकडचे, तिशीतले, काडीपैलवान. ते शिकवायचे पुस्तकी मराठीत आणि वैतागले की त्यांची अहिराणी बाहेर यायची. बेबाबाई त्यांना 'सरभाऊ' म्हणायच्या.

या वर्षी अभ्यासाला एक जुनी गाजलेली अमेरिकन कादंबरी होती, मराठीत उतरवलेली. कापसाच्या मुलखातलं एक लहान गाव. तिथल्या जिनिंगला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याला, आग लागते. लावलेली असते मालकाच्या दारुड्या पोराने, पण धरून नेतात जिनिंगवर राबणाऱ्या एका काळ्या माणसाला. अख्ख्या गोऱ्या गावाला खरं काय ते ठाऊक असतं. एका गोऱ्या बाईने तर मालकाच्या पोराला कंदील टाकून पळताना डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण कोर्टात उभी राहिल्यावर ती म्हणते, मला काही दिसलं नाही.

सर म्हणाले, "परीक्षेपुरतं पाठ करू नका. वाचून तुम्हाला काय वाटलं ते दर रविवारी उभं राहून सांगा." बेबाबाईंना काय वाटलं असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं, आणि विचारल्याशिवायच त्या इतकं सांगत आल्या होत्या. आता तर परवानाच मिळाला.

पहिल्या रविवारी त्या जिनिंगच्या मालकावर घसरल्या. "कापसाच्या गंजीपाशी कंदील जाऊच कसा दिला म्हन्ते म्या! आमच्याकडे बिडीवाल्याले फाटकातून आत घेत नाहीत."

"काकू, कादंबरी वंशभेदावर आहे," सर म्हणाले.

"असंन. पन आग तं कंदिलानंच लागली ना?"

हवालदाराने मान डोलावली. पंचनाम्याच्या अंगाने मुद्दा बिनतोड होता.

दुसऱ्या रविवारी त्या कोर्टात गप्प बसलेल्या गोऱ्या बाईवर तुटून पडल्या. तिचं तोंड शिवलं होतं का, देवाने डोळे काय काजळ घालायला दिले होते का, ती माझ्यासमोर असती तर मी तिची झिंजी धरून तिला न्यायाधीशापुढे उभी केली असती, असं बरंच काही त्या बोलल्या. अंगणवाडीतायांनी टाळ्या वाजवल्या. सर मात्र विचारात पडले. "बरोबर आहे काकू. पण ती गप्प का बसली?"

"भेकाड होती, दुसरं काय?"

"एवढंच? पुढच्या वेळी जरा विचार करून या."

एवढ्या टाळ्या पडल्यावर विचार करून यायला सांगणं बेबाबाईंच्या मनाला लागलं. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी तो कोर्टाचा भाग गाव येईपर्यंत दोनदा वाचला.

ते दिवस पापडाचे होते. उन्हं तापली की गल्लीत उडदाच्या पापडांचा धडाका सुरू होतो. त्याचा एक कायदा आहे. आज सगळ्याजणी माझ्याकडे, उद्या सगळ्याजणी तुझ्याकडे. जी माझ्याकडे लाटायला आली, तिच्याकडे मी जायचंच. नाही गेले तर फेड राहिली म्हणतात, आणि फेड राहिलेल्या बाईचं नाव पुढच्या पापडांपर्यंत निघत राहतं. ज्या घरी पापड, त्या घरच्या बाईने सगळ्यांना लाट्या, म्हणजे त्या पिठाचे गोळे, तेल घालून खाऊ घालायच्या. लाटीसाठी म्हाताऱ्या बायासुद्धा दात नसताना येऊन बसतात.

यंदा लाटीबरोबर कादंबरीही होती. बेबाबाई पुस्तक तेलाच्या डब्याला टेकवून ठेवायच्या आणि लाटता लाटता सांगायच्या. परदेशी नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी सगळ्यांचं नव्याने बारसं केलं. मालकाचा दारुडा पोरगा झाला प्रेमराज. गप्प बसलेली गोरी झाली सुनंदा. आणि त्या काळ्या माणसाचं नाव पडलं सुपडू. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथं नवं मूल सुपात घालतात आणि त्याला सुपडू म्हणतात. "यालेबी देवाशिवाय कोनी नाही," असं बेबाबाईंनी कारण दिलं आणि बायांना ते पटलं.

गल्ली वेडी झाली. एरवी हाका मारून आणाव्या लागणाऱ्या बाया चहाच्या आधी हजर व्हायला लागल्या. सगळ्यात पुढे प्रमिलाअक्का. या बेबाबाईंच्या थोरल्या जाऊबाई आणि गल्लीच्या पुढारी. त्या उठल्या की गल्ली उठते, त्या बसल्या की गल्ली बसते. सुपडूला बेड्या घातल्या त्या दिवशी अक्कांनी पदर डोळ्याला लावला आणि गोऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

बायांनी ते घरी नवऱ्यांना अर्धंमुर्धं सांगितलं, नवऱ्यांनी पारावर पाव-अर्धं सांगितलं, आणि गावात बातमी झाली की सुपडूवर जिनिंग जाळल्याची केस पडली. गावात सुपडू एकच. त्याची बसस्टँडवर पानटपरी. गिऱ्हाईक पान घेताना हळूच विचारू लागलं, "तारीख कधीची हाये?" एकाने वकील सुचवला. सुपडूने शपथेवर सांगितलं, की बाबांनो, मी आग लावलेली नाही.

"आमाले माहीत हाये ना," लोक म्हणाले. "प्रेमराजनं लावली. तू घाबरू नको, आमी तुह्या मांगं हाओत."

सुपडूला आयुष्यात पहिल्यांदा एवढा पाठिंबा मिळाला. काही दिवसांनी त्याने नाही म्हणणं सोडून दिलं.

मयुरीचं लग्न वैशाखात ठरलेलं. बेबाबाईंनी आपल्या घरचे पापड एका शनिवारी धरले. लग्नाचे पापड म्हणजे गंमत नव्हे. रुखवतात मांडायचे, व्याह्यांकडे पाठवायचे, शिवाय मुलाची आत्या पापड उजेडासमोर धरून बघणाऱ्यातली. पहाटेच उडदाचं पीठ भिजवून, तेलाचा हात लावून, मुसळाने कुटून ठेवलेलं. असं पीठ थांबत नाही. दुपारच्या आत लाटलं नाही, तर दगड होतं.

अंगणात सुगंधाबाई होत्या. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या. बेबाबाईंकडे कामाला येऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली. या पापडांचे उडीद त्यांनीच निवडले होते, त्यांनीच पाखडले, उन्हात घातले, गिरणीवर डोक्यावरून नेले आणि आणले. पण पिठात पाणी पडलं, की सुगंधाबाई अंगणात आणि बाकीच्या आत. कोरड्याला त्यांचा हात चालतो, ओल्याला चालत नाही. हा नियम कुणी केला, कुणाला माहीत नाही. कुणी कुणाला तो सांगितलाही नाही, पण आजवर चुकला मात्र कुणाचाच नाही.

लाटणी वाजायला लागली. अक्का म्हणाल्या, "काढ व पुस्तक."

त्या दिवशीचा भाग गोधडीचा होता. त्या गावच्या गोऱ्या बाया दर आठवड्याला एकत्र बसून मोठी गोधडी शिवतात. गोधडीचे तुकडे सुपडूच्या बायकोने धुतलेले, वाळवलेले, इस्त्री केलेले. ती दाराशी उभी राहून एकेक तुकडा हातात देते. पण आत येऊन टाका घालायचा नाही. सुपडू तुरुंगात गेल्यावर ती म्हणते, मलाही शिवायला बसू द्या, तेवढाच जीव रमेल. तर बाया हसतात.

"ऐका व माय!" अक्कांनी लाटणं आपटलं. "धुतेलं चालते अन् शिवेल चालत नाही? डोके फिरेल होते का त्या गोऱ्या बायायचे?"

सगळ्या खो खो हसल्या. बेबाबाईही हसल्या. हसता हसता पान उलटायला त्यांनी मान वळवली, आणि उघड्या दारातून त्यांना अंगण दिसलं. सुगंधाबाई परात घासत होत्या. त्या हसत नव्हत्या. रागावलेल्याही नव्हत्या. पुढचं ऐकायला मिळावं म्हणून त्यांनी फक्त घासण्याचा आवाज कमी केला होता.

बेबाबाईंचं लाटणं थांबलं. एकदम कानशिलं तापली. आपण इतका वेळ कुणाला हसत होतो, ते त्यांना लख्ख दिसलं. त्यांनी झटकन पुढचं पान काढलं. पण अक्षरं दिसेनात. मनात म्हणाल्या, आज नको. आज मयुरीचे पापड आहेत. अक्का उठल्या तर गल्ली उठेल, पीठ वाळेल, व्याह्यांपुढे नाक कापलं जाईल. लग्न पार पडू दे, मग बघू, पाऊस पडल्यावर बघू. मग त्यांना स्वतःचीच चीड आली. जी बाई भर वर्गात अमेरिकेतल्या बाईची झिंजी धरायला निघाली होती, तिची स्वतःच्या घरात दातखीळ बसावी?

"सुगंधा," त्या जरा जास्तच मोठ्याने म्हणाल्या, "हात धू अन् ये. पोयपाट घे. बस अठी."

सगळी लाटणी थांबली.

सुगंधाबाई परात धरून तशाच उभ्या. "मस्करी करू राह्यल्या का, बेबाबाई?"

"नाही व. ये."

सुगंधाबाईंनी परात पालथी घातली, हात धुतले, पदराला पुसले, आणि उंबऱ्याशी येऊन थांबल्या. "बसते. पन परवा माह्याकडे पापड हायेत. फेडाले कोन येईन?"

आता आली का पंचाईत! बेबाबाईंनी बोलावण्यापुरताच विचार केला होता. बोलावताना माणसाला आपण फार मोठे वाटतो. पण कायदा सगळ्यांना एकच. ती इथे बसली तर आपण तिथे बसायचं, तिच्या हातची लाटी खायची. बेबाबाई नाल्याच्या पलीकडे आजवर कधी गेल्याच नव्हत्या. कामाला हाक मारायची झाली, तर अलीकडूनच मारायच्या.

"म्या येईन," त्या म्हणाल्या. आवाज मघापेक्षा बराच खाली आला होता.

सुगंधाबाई आत येऊन बसल्या. प्रमिलाअक्का उठल्या. "लगनाच्या पापडात हे असे खेय?" असं म्हणून त्यांनी स्वतःचं लाटणं कमरेला खोचलं. त्या उठल्यावर बाकीच्याही पदर झाडत उठल्या. कुणी बेबाबाईंकडे बघेना. ओट्याची पायरी उतरताना मात्र अक्कांचा पाय अडखळला. त्या वळल्या. अंगात राग होता, पण राग आणि उत्सुकता यांचं भांडण चेहऱ्यावर दिसत होतं.

"सुपडूचं काय होते मंग? सोडतात का टांगतात?"

बेबाबाईंनी पुस्तक मिटलं. हे त्यांनी ठरवून केलं नव्हतं. पण एकदा सुचल्यावर ते सोडणाऱ्या बाई त्या नव्हेत.

"ते परवा," त्या म्हणाल्या. "सुगंधाच्या घरी."

"बेबे!" अक्का ओरडल्या आणि तरातरा निघून गेल्या.

दोघींनी मिळून लाटता येईल तेवढं लाटलं. उरलेलं पीठ दुपारपर्यंत असं कडक झालं, की रतिलालभाऊंनी एक गोळा हातात घेऊन विचारलं, "हे उंदरासाठी का?" घडलं ते ऐकून त्यांनी गोळा हळूच परातीत ठेवला. मग म्हणाले, "मयुरीले फोन करून सांग. तिले पापड कमी पडले तं चालतीन. बाकी म्या काय बोलू, ती माही वहिनी हाये." म्हणजे अक्का. भावजयीपुढे रतिलालभाऊंचं लहानपणापासून काही चालत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात कुंदन सरांनी विचारलं, "काय काकू, सापडलं उत्तर? ती बाई गप्प का बसली?"

बेबाबाई उठल्या. टाळ्या वाजवायला अंगणवाडीताया सरसावून बसल्या होत्या. "सरभाऊ," बेबाबाई म्हणाल्या, "म्या मांगच्या टाइमाले तिले भेकाड म्हन्ली. ते म्या वापस घेते. तिच्या घरी लगन असंन."

सरांनी पुस्तक चाळलं. "लग्न? हाई पुस्तकमा नही शे, काकू!"

"पुस्तकात नसंन. पन असंन. नाही तं बाई येवढी गप्प नाही बसत." आणि त्या खाली बसल्या. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. सरांनी मात्र तेवढंच वाक्य फळ्यावर लिहिलं.

सोमवारी बेबाबाई पोळपाट काखेत मारून निघाल्या. त्या बसस्टँडवरून जाताना सुपडू टपरीतून खाली उतरला. "काकू, माह्या केसचं शेवटी काय लागलं व?"

"आज समजीन," त्या म्हणाल्या आणि नाल्याचा फरशीपूल ओलांडला.

सुगंधाबाईंच्या अंगणात त्यांच्या जावा, नणंदा, शेजारणी बसल्या होत्या. बेबाबाईंसाठी सतरंजी टाकलेली. ती त्यांनी बाजूला सारली आणि गोणपाटावर बसल्या. आधी लाटी आली, वाटीत, तेलासकट. सगळ्या बघत होत्या. बेबाबाईंनी वाटी हातात घेतली आणि हात तिथंच राहिला. इतकं वाचून, इतकं बोलून, हात थांबलाच. त्यांना स्वतःचा संताप आला, आणि संतापाच्या भरात त्यांनी अख्खी लाटी तोंडात कोंबली. लाटी अगदी घरच्यासारखीच होती. याचं त्यांना नवल वाटलं, आणि नवल वाटल्याची लाज.

लाटणी सुरू झाली तेवढ्यात पुलावर तीन बाया दिसल्या. पुढे प्रमिलाअक्का, एका हातात घरून आणलेली पाण्याची बाटली, मागे दोघी पदर तोंडावर ओढून, सासरी पहिल्यांदा येणाऱ्या सुनांसारख्या. अक्का अंगणाच्या कडेला थांबल्या आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "म्या फक्त ऐकाले आली."

"बसा ना अक्का," सुगंधाबाई म्हणाल्या. अक्का अंगणाच्या दगडी कडेवर बसल्या, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर.

बेबाबाईंनी पुस्तक काढलं. कोर्टातली पंच मंडळी निकाल ठरवायला आत जातात, बाहेर येतात, आणि खरं ठाऊक असूनही सुपडूला दोषी ठरवतात. प्रेमराज कोर्टाच्या पायऱ्यांवर लोकांशी हात मिळवतो. सुपडूची बायको इस्त्री केलेले कपडे घेऊन तुरुंगाच्या दाराशी जाते, तर शिपाई कपडे आत घेतो आणि तिला परत पाठवतो. संपलं.

"संपलं?" अक्का उसळल्या. "येवढी उन्हाची म्या अठी आली, अन् संपलं? काय लोकं व! त्या गावात एक बी बाई नव्हती का बोलाले?"

सुगंधाबाई पापड लाटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "बोलाले लय असतीन, अक्का. संगं बसून खायाले कोनी नव्हतं."

 मागच्या दोघींपैकी एकीने पदर आणखी खाली ओढला. सुगंधाबाईंच्या जावेने तीन वाट्या आणून अक्कांच्या पुढ्यात ठेवल्या आणि ती बाजूला झाली. अक्कांनी वाटीकडे बघितलं. "आज माहा सोमवा—" एवढं म्हणून त्यांनी बेबाबाईंकडे बघितलं. अक्कांनी जन्मात सोमवार केलेला नाही, हे बेबाबाईंना माहीत होतं आणि बेबाबाईंना माहीत आहे, हे अक्कांना. बेबाबाईंनी मान खाली घालून पुढचा गोळा घेतला. या वेळी बोलायचं नव्हतं.

बेबाबाईंचे दोन पापड लाटून झाले. मग अक्कांनी पाण्याची बाटली बाजूला ठेवली, वाटी उचलली आणि सुगंधाबाईंच्या पुढे धरली.

"तेल घाल व वरून," त्या म्हणाल्या. "येवढ्याशा तेलात कोनाची लाटी उतरते?"